यादी एक करण्याआधी : समूहातल्या दोन्ही विमान कंपन्यांच्या वैमानिकांना आणि ज्येष्ठता समितीला खुले पत्र

प्रति,
आमच्या समूहातल्या दोन्ही प्रादेशिक विमान कंपन्यांचे सर्व वैमानिक, ज्येष्ठता यादीसाठी नेमलेली समिती आणि व्यवस्थापन

स. न. वि. वि.

गेल्या महिन्यात चार ओळींचं परिपत्रक आलं. दोन्ही कंपन्यांच्या वैमानिकांची ज्येष्ठता यादी एक केली जाणार, कार्यपद्धती यथावकाश कळवली जाईल. त्या ‘यथावकाश’ने दोन्हीकडची झोप उडवली आहे. परिपत्रक आलं त्याच रात्री आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कोणीतरी एक एक्सेल शीट टाकली. त्यात दोन्हीकडच्या सगळ्यांना रुजू झाल्याच्या तारखेने लावलेलं होतं. तासाभरात पलीकडून दुसरी शीट आली. तिच्यात आमचे झाडून सगळे कॅप्टन त्यांच्या शेवटच्या कॅप्टनच्या खाली. दोन्ही शीट करणारे माझ्या ओळखीचे आहेत, दोघेही चांगले वैमानिक आहेत, आणि आपलीच यादी न्यायाची आहे असं दोघांनाही मनापासून वाटतं.

मी सोळा वर्षं टर्बोप्रॉप, म्हणजे पंख्यांची विमानं, उडवतोय, त्यातली सात वर्षं डावीकडच्या सीटवर, म्हणजे कॅप्टन म्हणून. घर बेळगावजवळ सांबऱ्याला, बेस, म्हणजे ड्यूटी जिथून सुरू होते ते शहर, हैदराबाद. निव्वळ तारखेने यादी लागली तर मी चांगला वर सरकतो, कारण आमची कंपनी जुनी आहे आणि पलीकडची नवी. हे आधीच सांगून टाकतो. निव्वळ तारखेची यादी लावू नका, असंच मी पुढे म्हणणार आहे. आमच्यातल्या काहींना ते आवडणार नाही. त्यांनी निदान शेवटपर्यंत वाचावं एवढी विनंती.

पत्र खुलं आहे, घरचेही वाचतील, म्हणून थोडं सांगतो. वैमानिकाच्या नोकरीत यादीतला क्रमांक म्हणजे जवळपास सगळं काही. कुठल्या गावी बेस मिळणार, गणपतीत रजा कोणाला, नव्या विमानाचं ट्रेनिंग आधी कोणाला, सहवैमानिकाचा कॅप्टन कधी होणार, आणि वाईट दिवस आले तर घरी आधी कोण जाणार, हे सगळं क्रमांकावर ठरतं. माझी आई चौऱ्याहत्तर वर्षांची आहे आणि सांबऱ्याचं घर सोडायला तयार नाही. मला बंगळूर बेस मिळाला तर ड्यूटी संपल्यावर रात्री राणी चन्नम्मा एक्सप्रेस धरून सकाळी घरी पोचता येतं. हैदराबादहून तसं जमत नाही. माझ्यासाठी क्रमांकाचा अर्थ हा आहे. दुसऱ्या कोणाच्या घरी तो मुलीची शाळा असेल, कोणाच्या घरी कर्जाचा हप्ता.

‘पटत नसेल तर सोडून जा,’ असं सांगणारे भेटतात. सोडून जाणं एवढं सोपं नाही. डीजीसीए, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालय, त्याच्या २०१७ च्या नियमाप्रमाणे कॅप्टनला एक वर्षाची आणि सहवैमानिकाला सहा महिन्यांची नोटीस द्यावी लागते. शिवाय नव्या कंपनीत गेलं की यादीच्या तळापासून सुरुवात. सोळा वर्षांची चढण तिथे कोणी मोजत नाही. म्हणूनच माणसं आहे तिथे राहतात, आणि राहतात म्हणूनच यादीला एवढं वजन आहे.

आता माझ्या आजोबांबद्दल. ते विमानात कधी बसले नाहीत, पण या विषयातलं मला जे थोडंफार कळतं ते त्यांच्यामुळे.

आजोबा १९४८ साली महसूल खात्यात कारकून म्हणून लागले. बेळगाव जिल्हा तेव्हा मुंबईकडे होता. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यपुनर्रचना झाली. चंदगड तालुका तेवढा मुंबई राज्यात राहिला, उरलेला जिल्हा म्हैसूर राज्यात गेला. त्या दिवसाचं आमच्या भागात काय आहे ते सगळ्यांना ठाऊक आहे, त्यात इथे शिरत नाही. मला कचेरीतली गोष्ट सांगायची आहे. नव्या राज्याच्या नोकरीत पाच ठिकाणची माणसं एकत्र आली : जुनं म्हैसूर, मुंबई, हैदराबाद, मद्रास आणि कुर्ग. हुद्द्यांची नावं वेगळी, पगार वेगळे, बढतीच्या परीक्षा वेगळ्या. आजोबा नुकतेच अव्वल कारकून झाले होते. मुंबईकडचा अव्वल कारकून म्हणजे बाकी चार ठिकाणचा नेमका कोण, हा प्रश्न सुटल्याशिवाय यादी होत नव्हती, आणि यादी झाल्याशिवाय बढती.

आमच्या घरी माळ्यावर त्यांची ट्रंक आहे. तिच्यात तीन याद्या आहेत. सायक्लोस्टाइलच्या, इंग्रजीत टाइप केलेल्या, कडा तपकिरी होऊन तुटायला आलेल्या. एकीच्या डोक्यावर ‘तात्पुरती’ अशा अर्थाचा शब्द, दुसरीवर ‘अंतिम’, तिसरीवर ‘सुधारित अंतिम’. तिन्हींत आजोबांच्या नावाखाली लाल पेन्सिलीची रेघ आहे. पहिलीत ते पानाच्या वरच्या भागात आहेत, दुसरीत दोन पानं खाली गेलेत, तिसरीत पुन्हा थोडे वर आलेत. दुसऱ्या यादीच्या समासात त्यांच्या अक्षरात दोनच शब्द आहेत : ‘कारण नाही.’

खाली गेलो, याचं दुःख त्यांनी कधी बोलून दाखवलं नाही. का गेलो ते कोणी सांगितलं नाही, हे मात्र म्हातारपणापर्यंत सांगत. आणि आणखी एक गोष्ट सांगत. शेजारच्या टेबलावर पूर्वीच्या हैदराबाद राज्यातल्या बिदरकडून बदलून आलेले एक गृहस्थ होते. दोघांचा डबा एकत्र. दुसऱ्या यादीत ते आजोबांच्या वर गेले. त्यात त्या गृहस्थांचा काही हात नव्हता, हे आजोबांना पक्कं ठाऊक होतं. तरी त्या आठवड्यापासून डबे वेगळे झाले ते झालेच. “मीच उठून गेलो,” असं आजोबा म्हणायचे, “जायला नको होतं.”

मुद्दाम कोणी वाईट केलं असं मी म्हणत नाही. उलट त्या काळी या कामाचा बराच विचार झाला होता. राज्यपुनर्रचना कायद्याच्या ११५ व्या कलमात लिहिलं होतं की बदली झालेल्या नोकरांच्या सेवाशर्ती केंद्र सरकारच्या आधीच्या परवानगीशिवाय त्यांच्या तोट्याच्या होतील अशा बदलता येणार नाहीत. १९५६ च्या मे महिन्यात मुख्य सचिवांची परिषद झाली, तिने दोन जागा बरोबरीच्या मानायच्या की नाही हे ठरवायला चार कसोट्या दिल्या : कामाचं स्वरूप काय, जबाबदारी आणि अधिकार किती, त्या जागेसाठी किमान पात्रता काय, आणि पगार किती. शिवाय एकाच राज्यातून आलेल्या माणसांचा आपापसातला क्रम मोडायचा नाही, हेही ठरलं होतं.

एवढं असून खटले व्हायचे ते झालेच. मध्य प्रदेशातला एक खटला साठच्या दशकात सर्वोच्च न्यायालयात गेला. तिथे कच्ची यादी लागली, हरकती घेतल्या गेल्या, आणि पक्की यादी आली ती वेगळीच. ज्यांचा क्रम मधल्या मधे बदलला त्यांना आपलं म्हणणं मांडायची संधी मिळाली नव्हती, आणि न्यायालयाने त्यांच्यापुरती ती यादी टिकू दिली नाही. आंध्र प्रदेशातल्या, पूर्वीच्या हैदराबाद राज्यातून आलेल्या अभियांत्रिकी खात्यातल्या लोकांचा खटला तर १९७४ साली निकाली निघाला. राज्यं एक होऊन सतरा वर्षं उलटली होती.

त्या चार कसोट्या मी आपल्याला लावून पाहिल्या. आमच्याकडे एटीआर ही टर्बोप्रॉप विमानं, पलीकडे जेट. काम तेच : छोट्या गावांना मोठ्या शहरांशी जोडायचं, दिवसातून चार-चार, पाच-पाच वेळा उतरायचं आणि चढायचं, पावसाळ्यात आखूड धावपट्ट्यांवर. जबाबदारी तीच : मागे बसलेली माणसं आणि शेजारचा सहवैमानिक. कॅप्टन व्हायला पात्रता तीच : एटीपीएल हा परवाना, म्हणजे किमान १५०० तासांचं उड्डाण आणि त्यावरच्या परीक्षा. फरक उरतो तो पगाराचा, आणि ती कसोटी शेवटची आहे. जेटचा कॅप्टन जास्त कमावतो म्हणून तो मोठा, हे पलीकडच्या शीटमागचं गृहीतक माझ्या गळी उतरत नाही. एटीआरचा कॅप्टन आणि जेटचा कॅप्टन हे बरोबरीचे कॅप्टन आहेत. आमचे सगळे कॅप्टन उचलून त्यांच्या यादीच्या शेपटीला टाचायचे, याला न्याय म्हणता येणार नाही. अमेरिकेत याला ‘स्टेपलिंग’च म्हणतात. २००१ मध्ये अमेरिकन एअरलाइन्सने टीडब्ल्यूए ही विमान कंपनी घेतली तेव्हा टीडब्ल्यूएच्या केबिन क्रूला असंच सरसकट यादीच्या तळाला लावलं, वैमानिकांपैकीही पुष्कळांना. पुढच्या कपातीत त्यांच्या घराघरांत जे झालं त्यातून २००७ च्या डिसेंबरमध्ये तिथे कायदा झाला. विलीनीकरणात याद्या न्याय्य आणि समतोल रीतीने जोडायच्या, आणि एकमत झालं नाही तर लवादाकडे जायचं, हे आता तिथे बंधनकारक आहे. आपल्याकडे तसं काही नाही. डीजीसीए परवाना, ट्रेनिंग, ड्यूटीचे तास पाहते. ज्येष्ठता हा नोकरीच्या करारातला मामला राहतो.

आता आमच्या बाजूच्या शीटबद्दल. ती लिहिताना हात जड होतोय.

परिपत्रक आल्यानंतर सिम्युलेटरच्या सेशनसाठी गेलो होतो. कँटीनमध्ये पलीकडच्या कंपनीची एक सहवैमानिक भेटली. निपाणीजवळची मुलगी. माझं बेळगावी वळणाचं मराठी ऐकून स्वतःहून टेबलाशी आली. वडिलांनी तंबाखूची दोन एकर जमीन गहाण टाकून तिला लायसन्सपर्यंत पोचवलंय. जेटवर तिला सहा वर्षं झाली, तास भरलेत, कमांड ट्रेनिंगसाठी, म्हणजे कॅप्टन होण्याच्या ट्रेनिंगसाठी, तिच्या पुढे फक्त चौघं उरलेत. उभ्या उभ्याच तिने विचारलं, “सर, तारखेने लावलं तर माझ्या पुढे तुमचे किती जण येतील?” मी मनात मोजलं. आमच्याकडे नऊ-नऊ, दहा-दहा वर्षं सहवैमानिकच राहिलेले बरेच आहेत, कारण मधली कित्येक वर्षं आमच्याकडे नवं विमानच आलं नाही. ते सगळे तिच्या पुढे येणार होते. मी आकडा सांगितला नाही, पण माझ्या तोंडाकडे बघून तिला कळला.

ती म्हणाली, “तुमच्या लोकांची नऊ वर्षं थांबण्यात गेली, हे मला कळतं सर. पण ती माझ्यामुळे गेली नाहीत ना?”

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं, आजही नाही. त्याच आठवड्यात आमच्या एका नऊ वर्षांच्या सहवैमानिकाशी बोललो. तो म्हणाला, “सर, कंपनीने विमानं आणली नाहीत यात माझी काय चूक? मग माझी नऊ वर्षं शून्य धरायची का?” त्याचंही खरं आहे. या दोघांपैकी एकालाच बरोबर ठरवणारी यादी कागदावर साधी-सरळ दिसेल, आणि दोघांपैकी एकाचं आयुष्य मोडेल.

आपल्याच देशात हे झालेलं आहे, आणि फार जुनं नाही. २००७ च्या ऑगस्टमध्ये एअर इंडिया आणि इंडियन एअरलाइन्स कागदावर एक झाल्या. वैमानिकांचं कसं जोडायचं हे तेव्हा बाजूला राहिलं. २०११ च्या एप्रिल-मेमध्ये पूर्वीच्या इंडियन एअरलाइन्सच्या वैमानिकांनी पगारातल्या तफावतीवरून दहा दिवस संप केला. मग दोन्हीकडच्यांना कसं जोडायचं ते ठरवायला न्यायमूर्ती धर्माधिकारी समिती नेमली गेली, तिचा अहवाल २०१२ च्या जानेवारीअखेर आला. तोवर चार वर्षांहून जास्त काळाची कटुता साचली होती. २०१२ च्या मेमध्ये पूर्वीच्या एअर इंडियाच्या वैमानिकांनी संप केला तो ५८ दिवस चालला. कारण होतं ड्रीमलायनर या बोइंगच्या नव्या विमानाचं ट्रेनिंग. ती विमानं विलीनीकरणाआधीच एअर इंडियासाठी मागवलेली, तेव्हा ती आम्ही उडवणार, असं एका बाजूचं म्हणणं. कंपनी आता एकच आहे, तर आम्हालाही ट्रेनिंग हवं, असं दुसरीचं. पहिलं ड्रीमलायनर तर त्या सप्टेंबरमध्ये यायचं होतं, संप त्याच्या आधीच होऊन गेला. माणूस हातातल्या गोष्टीसाठी भांडतो, तसा हातात येऊ घातलेल्या गोष्टीसाठीही भांडतो, आणि यादी करणाऱ्यांनी दोन्ही मोजायला हवं. निपाणीच्या त्या मुलीच्या पुढे फक्त चौघं आहेत, हे तिचं येऊ घातलेलं आहे.

अमेरिकेतलं आणखी एकच सांगतो, कारण ते आपल्या प्रकरणाला अगदी जवळचं आहे. २००५ साली यूएस एअरवेज आणि अमेरिका वेस्ट एकत्र आल्या. यूएस एअरवेज जुनी, तिच्यात वर्षानुवर्षं काढलेली माणसं, त्यातले कित्येक कपातीत घरी बसलेले. अमेरिका वेस्ट नवी, माणसं तरुण पण कामावर. जुन्यांना तारीख हवी, नव्यांना हुद्दा हवा. २००७ मध्ये लवादाने निकाल दिला आणि निव्वळ तारीख नाकारली. जुन्यांची संख्या मोठी होती. त्यांनी निकाल मानलाच नाही. पुढच्याच वर्षी जुनी संघटना मतदानाने बाजूला सारून स्वतःची नवी उभी केली. मग वर्षानुवर्षं कोर्ट. एका कंपनीच्या नावाखाली दोन वेगळे वैमानिक-गट, दोन वेगळ्या याद्या, दोन वेगळे करार चालत राहिले, आणि पगारवाढ अडकली ती दोघांचीही. लवाद चांगला होता की वाईट, यावर तिथले लोक अजून वाद घालतात. मला दिसतं ते एवढंच : निकाल मानायचा, हे निकालाआधी दोन्ही बाजूंनी लिहून दिलेलं असूनही मोठ्या बाजूने तो मोडला, आणि मोडून तिच्याही पदरात काही पडलं नाही. आपल्यात मोठी बाजू आमची आहे. म्हणून हे आमच्या लोकांना सांगतोय.

याद्या वेगळ्याच राहू द्याव्यात, असंही काही जण म्हणतात. मला ते पटत नाही. दोन याद्या असल्या की एका कंपनीला दुसरीची भीती घालता येते. मार्ग स्वस्तात उडवणाऱ्याकडे जातात. आज त्यांच्याकडे, उद्या आपल्याकडे. आणि विमानं कायमची नसतात. अमेरिकेतल्या पिनॅकल, मेसाबा आणि कोलगन या एकाच मालकाच्या तीन प्रादेशिक कंपन्यांची यादी २०११ मध्ये लवादाने एक केली. पुढच्याच वर्षी मालक कंपनी दिवाळखोरीत गेली आणि कोलगनची टर्बोप्रॉप विमानं सेवेतून निघाली. यादी एक होती म्हणून विमान गेलं तरी वैमानिक यादीत राहिला, आपल्या क्रमांकाने जेटवर जाऊ शकला. एटीआर उडवणाऱ्या प्रत्येकाने हे मनाशी धरावं. आपलं विमान उद्या समूहाने विकलं, तर आपल्याला वाचवणारी गोष्ट एकत्र यादी हीच असेल. तिच्यासाठी आज थोडं सोडावं लागलं तर मी ते सोडायला तयार आहे.

मग यादी लावायची कशी? माझ्या मते सेवेची वर्षं आणि सध्याची जागा, दोन्ही धरून. समजा आमच्याकडे १२० कॅप्टन आहेत आणि पलीकडे ६०. तर कॅप्टनांच्या भागात दोन आमचे, एक त्यांचा, अशा प्रमाणात दोन्ही याद्या गुंफत जायच्या, आणि त्यावर सेवेच्या वर्षांचं वजन चढवायचं, म्हणजे आमचा सोळा वर्षांचा माणूस त्यांच्या पाच वर्षांच्या माणसाखाली विनाकारण जाणार नाही. सहवैमानिकांचंही तसंच. अमेरिकेत युनायटेड आणि कॉन्टिनेंटलची यादी २०१३ मध्ये अशाच मिश्र पद्धतीने लागली. कोणाचं वजन किती, हे लवादाने ठरवावं. तेवढा हिशेब मला एकट्याला करता येणार नाही, आणि मी करूही नये.

पण कुठलाही हिशेब करण्याआधी एका गोष्टीचा निकाल लावा : ‘रुजू झाल्याची तारीख’ म्हणजे कोणती तारीख? आमच्याकडे ग्राउंड क्लासचा पहिला दिवस धरतात. पलीकडे, मला कळलंय त्याप्रमाणे, लाइन चेक, म्हणजे प्रवासी उड्डाणावरची शेवटची चाचणी, होऊन प्रवासी विमानावर मोकळं सोडलं तो दिवस धरतात. दोन्हींच्या मधे टाइप रेटिंग (त्या विशिष्ट विमानाची परवानगी), सिम्युलेटर, ट्रेनरसोबतची उड्डाणं असे कित्येक महिने जातात. सिम्युलेटरचा स्लॉट मिळाला नाही म्हणून एखाद्याचे आणखी काही महिने गेलेले असतात, त्यात त्याचा दोष नसतो. करारावर लागून मग कायम झालेल्यांचं काय? मातृत्वाच्या रजेमुळे जिचं कमांड ट्रेनिंग मागच्या बॅचला गेलं तिचं काय? कोविडच्या काळात बिनपगारी घरी बसवलेल्यांचं काय? आमच्या शीट करणाऱ्याने यातलं काहीही विचारात घेतलं नव्हतं. सगळ्यांसाठी एकच व्याख्या ठरवा, ती लिहा, आणि परिपत्रकाच्या तारखेला दोन्ही याद्या होत्या तशा गोठवा. त्यानंतर झालेली कुठलीही घाईची बढती यादीत धरू नका.

समितीकडे माझं मागणं असं आहे. यादी कशीही लागो, त्यामुळे आज डावीकडे बसणारा उद्या उजवीकडे जाऊ नये, आणि कोणाचाही बेस यादीच्या निमित्ताने हलू नये. क्रमांक पुढच्या जागांसाठी वापरा, आजच्या जागा काढून घेण्यासाठी नको. परिपत्रकाच्या दिवशी कमांड ट्रेनिंगच्या उंबरठ्यावर असलेल्यांना, दोन्हीकडच्या, त्यांच्याच विमानावर आधी जाऊ द्या. काही वर्षांपुरतं कुंपण घाला, म्हणजे एकीकडच्या विमानांवरच्या जागा तिकडच्याच लोकांना, आणि ते कधी निघणार याची तारीखही आत्ताच लिहा. एकाच कंपनीतल्या लोकांचा आपापसातला क्रम हलवू नका. लवाद बाहेरचा नेमा, दोन्ही बाजूंना मान्य असलेला, समूहाच्या पगारावर नसलेला. त्याचा निकाल पाळू असं दोन्ही बाजूंच्या प्रतिनिधींनी आणि व्यवस्थापनानेही आधी सही करून द्यावं. कच्ची यादी सगळ्यांना दाखवा, हरकतींना पुरेसे दिवस द्या. हरकतींनंतर क्रमांक बदलला तर ज्याचा खाली गेला त्याला बोलावून ऐका. आणि प्रत्येक क्रमांकाशेजारी एक रकाना ठेवा : कारण. दोन ओळी पुरेत. तारीख कोणती धरली, जागा कोणती धरली, वजन किती पडलं.

व्यवस्थापनाला एक वेगळं सांगायचंय. याद्या एक होण्याआधी दोन्हीकडचे वैमानिक एकाच कॉकपिटमध्ये बसवू नका. रोस्टरची सोय म्हणून तसा मोह होईल. कॉकपिटमध्ये आम्ही दोघंच असतो. उजवीकडच्याने काही चुकतंय असं पाहिलं तर त्याने लगेच, न संकोचता बोलायला हवं, आणि डावीकडच्याने ते ऐकायला हवं. आमचं सगळं ट्रेनिंग याच एका गोष्टीवर उभं आहे. आपला क्रमांक ज्याने खाल्ला असं वाटतं, त्याच्याशी माणूस चेकलिस्टपुरतंच बोलतो. आजोबांचे आणि त्या बिदरच्या गृहस्थांचे डबे वेगळे झाले, त्याने महसुलाची एखादी फाइल उशिरा हलली असेल. इथे मागे सत्तर माणसं बसलेली असतात.

माझ्या घराच्या गच्चीवरून सांबऱ्याची धावपट्टी दिसते. १९४२ साली, दुसऱ्या महायुद्धात बांधलेली. लहानपणी तिच्यावर मोजकीच विमानं उतरायची. आता इथे फ्लाइंग स्कूल आहे आणि सकाळपासून ट्रेनिंगची छोटी विमानं घिरट्या घालत असतात. त्यांत आमच्या भागातली मुलं-मुली आहेत. उद्या ती आपल्या या एकत्र यादीच्या तळाला लागतील. गल्लीतली एक मुलगी मला विचारून गेली, “काका, एटीआरला जाऊ की जेटला?” मी तिला सांगितलं की आमच्याकडे सध्या यादीचं काम चाललंय, ते झालं की सांगतो.

पुढच्या महिन्यात दोन्हीकडच्या प्रतिनिधींची पहिली बैठक ठरल्याचं कळलंय. मी प्रतिनिधी नाही, पण त्या दिवशी मला सुट्टी आहे. समितीने परवानगी दिली तर येईन. ट्रंकेतल्या तिन्ही याद्यांच्या झेरॉक्स करून ठेवल्यात. दुसऱ्या यादीचं ते समास असलेलं पान आधी बघावं, एवढीच विनंती.

आपला,
समूहातला एक कॅप्टन
सांबरा, जि. बेळगाव